लॉक हातात धरून वाट बघणं

माझी धाकटी जाऊ तेजस्वी काय काम करते, हे आचऱ्यात कोणाला धड सांगता येत नाही. सासूबाई 'कॉम्प्युटरचा' एवढ्यावर भागवतात. मी मात्र खनपटीला बसून समजून घेतलंय. समोरची बाई दिवसभर कशावर कपाळाला आठ्या घालते ते कळू नये, हे माझ्या स्वभावात बसत नाही.

तर ती ड्रायव्हर लिहिते. गाडीचा नव्हे. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात लुटुपुटूचे कॉम्प्युटर चालवतात, त्यांचं नेटवर्क कार्डही लुटुपुटूचंच. त्या कार्डाशी बोलणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. निरोप आला की कार्ड इंटरप्ट देतं, म्हणजे घंटा वाजवतं, आणि घंटेसाठी नेमलेला कॉलबॅक धावत येऊन निरोप उचलतो. प्रोग्रामच्या दोन भागांनी एकाच वेळी एकाच वस्तूला हात घालू नये म्हणून लॉक. ज्याच्या हाती लॉक त्यानेच शिवायचं, दुसऱ्याने थांबायचं.

तिचा नवरा सुशांत, माझा धाकटा दीर, मस्कतला हॉटेलात असतो. वर्षातून एकदा येतो. तेजस्वी आठवण काढून रडणाऱ्यांतली नाही, पण त्याचे कपाटातले शर्ट, कोणी अंगात न घातलेले, दर महिन्याला पुन्हा धुते. साबण फुकट घालवते म्हणून मी ओरडते, आणि मग मीच ते वाळत घालते.

यंदा गावपळणीच्या, म्हणजे देवाच्या हुकमाने सगळा गाव काही दिवस वेशीबाहेर राहायला जातो त्याच्या, तोंडावर त्याला आणखी दोन वर्षांचा करार आला. सही करू की परत येऊ, असं त्याने तिला फोनवर विचारलं. 'परत ये' हे तिच्या अगदी ओठांवर होतं. पण आपल्या शब्दाखातर त्याने नोकरी सोडली असं नको, त्यानेच आपणहून म्हणावं, हा तिचा हट्ट. त्यात आमच्या घरची रीत. देवाचा कौल होऊन गाव वेशीबाहेर पडला, की माणसं परत येऊन गाव भरेपर्यंत घरातलं मोठं काही ठरवायचं नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. तेजस्वीला ती आयती सबब मिळाली. "गाव भरांदे, मगे बोलूया," एवढंच ती त्याला म्हणाली.

गुरं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन आम्ही वेशीबाहेर झावळ्यांच्या खोपीत आलो. बाकी गाव भजनं, फुगड्या आणि जेवणावळींत रंगलेला, आणि ही बया आंब्याखाली लॅपटॉप उघडून बसलेली. रजा मिळाली नव्हती. कोणाचा तरी लुटुपुटूचा कॉम्प्युटर बंद करताना गोठत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकदम हसली. सापडलं म्हणाली. काय सापडलं ते मी विचारलं, तेव्हा सांगू लागली. कार्ड बंद करणारा भाग लॉक हातात धरून, कॉलबॅकचं काम आटपायची वाट बघतो. आणि कॉलबॅक तेच लॉक मिळायची वाट बघत उभा. दोघेही आपापल्या परीने बरोबर, आणि दोघेही जन्मभर उभे राहतील. उपाय एवढाच, की बंद करतोय अशी खूण ठेवायची, लॉक आधी सोडायचं आणि मग वाट बघायची.

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज खाली गेला. तिने लॅपटॉप मिटला. मग माझ्या आणि सासूबाईंच्या देखत तिने मस्कतला फोन लावला. भजनाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला.

"सुशांत, माका तू होयो," तू हवास, हे ती पहिल्यांदाच उघड म्हणाली. "नोकरीचा काय ता तू बघ. पण माका तू घरात होयो."



"सकाळीच सही केलंय गो," सुशांत म्हणाला. "तू मगे बोलूया म्हटलंस. माका वाटला, तुका काय फरक पडना नाय."

सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. मला आधी त्या दोघांचा राग आला, मग सासूबाईंच्या रितीचा, आणि मग कोणाचाच नाही, नुसतं गलबलून आलं. तेजस्वीने डोळे पुसले नाहीत.

"दोन वर्सां मी थांबतलंय," ती म्हणाली. "पण माका तू होयो, ह्या आता तुका रोज सांगतलंय. तू पण सांग."

तो सांगू लागला, तशा सासूबाई आणि मी उठून गुरांकडे गेलो.