पिशवीतलं पांढरं

पिशवीच्या आत पांढरं दिसलं.

एप्रिल संपत आला होता. सकाळचे आठ. नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर हिरव्या जाळीखाली तीन पिशव्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीत बियांपासून उगवलेली चाळीसेक रोपं, एकेक साबुदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढं. दोन दिवसांपूर्वी हिरवीगार होती. आज बऱ्याच रोपांच्या बुडाशी कापसासारखी लव.

मी दक्षिण अमेरिकेतले निवडुंग घरी बियांपासून वाढवून विकते. तेव्हा या धंद्यात मला सहा वर्षं झाली होती. पद्धत सोपी आहे. वाळू आणि चाळलेला मुरूम कुकरमध्ये तासभर वाफवायचा, म्हणजे त्यातली बुरशी मरते. (कुकर वेगळा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "त्यात पुन्हा वरण लावलंस तर मी जेवणार नाही.") मग तो श्रीखंडाच्या डब्यात भरायचा, ओला करायचा, वर खसखशीहून बारीक बी टाकायचं आणि डबा पारदर्शक पिशवीत घालून तोंड बांधायचं. आतला ओलावा आत राहतो. त्यानंतर चार-पाच महिने पिशवी उघडायची नाही. या कामात सगळ्यात अवघड काय असेल तर हेच, हात आवरणं.

हे बी माझं नव्हतं. मनमाडचे एक रिटायर्ड रेल्वे गार्ड होमिओपॅथीच्या बाटलीतून ते घेऊन आले होते. ब्राझीलकडचा, पिवळ्या फुलाचा, चेंडूसारखा निवडुंग. त्यांच्या बायकोने क्वार्टरच्या खिडकीत वीस वर्षं जपलेला. तिला अर्धांग झालं, तेव्हापासून कॉटवर पडल्या पडल्या ती त्याच्याकडेच बघायची. गार्डसाहेब मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले, आणि शेजारणीने माया करून झाडाला रोज तांब्याभर पाणी घातलं. आठ दिवसांत झाड आतून सडलं. हाती राहिलं ते फक्त आधीच्या फळातलं बी.

"तिला मी सांगितलंय, झाड नाशिकला दवाखान्यात आहे," ते म्हणाले. "ताई, तेवढं बघा. ही एकच बाटली आहे."

दर रविवारी ते एसटीडी बूथवरून फोन करायचे. बायको विचारते, झाड कसं आहे. मी म्हणायची, छान आहे.

आणि आता हे पांढरं. रोपांचा मर रोग म्हणजे काय ते मी पाहिलेलं होतं. सकाळी उभी असलेली रोपं संध्याकाळी पाण्यासारखी पातळ होतात, डबाच्या डबा साफ. मी दिंडोरीला भावाला फोन लावला. संपतची द्राक्षबाग. आभाळात ढग दिसला तरी फवारणीचा पंप काढून बसणारा माणूस.

"पांढरं हाय ना ताई? मग भुरीच ती, बुरशी. लय वंगाळ. तू बोलत नको बसू. आधी बोर्डो मार."

"अरे, पण रोपं एवढीशी..."

"उद्या तीबी राहणार नाय!"

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी. द्राक्षवाल्यांचं हुकमी औषध. लिंबाच्या झाडासाठी दोन्ही घरात होतंच. दहा मिनिटांत कालवलं, संपतच्या मापाने, म्हणजे वेलाच्या जून पानांना सोसेल असं. पिशव्यांची तोंडं सोडली. पहिल्या डब्यावर मारलं, दुसऱ्यावर मारलं. तिसऱ्यावर धरला आणि पंप बंद. चुन्याने नोझल तुंबलं होतं.

पिनेने भोक मोकळं करत मी खाली बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून तिसऱ्या डब्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा नीट पाहिलं. लव फक्त आडव्या पडलेल्या रोपांना होती. उभ्यांना अजिबात नाही. आणि ती वाळूवर पसरत नव्हती. रोपाच्या मुळाकडच्या टोकाशी एकसारखी, दाढीचे खुंट यावेत तशी.

बुरशी नव्हतीच ती. मुळांचे केस होते. बी उताणं रुजलं की मूळ आधी हवेत निघतं आणि त्यावर पाणी शोषणारी बारीक लव येते. दोन दिवसांत मूळ वळून वाळूत शिरतं. निरोगी रोपाचं लक्षण!

"अगं बाई!" मी मोठ्याने ओरडले. सासूबाई जिन्यात आल्या. दोघींनी मिळून ते दोन डबे स्वच्छ पाण्याने धुतले. उपयोग झाला नाही. चौथ्या दिवशी दोन्हींतली रोपं तपकिरी पडली. एकूण ब्याऐंशी गेली. तिसऱ्यात एकोणचाळीस उरली, तीही उघडलेल्या पिशवीत. आता खरी बुरशी शिरली तर? मी दिवसातून वीस वेळा गच्चीवर जायची.

रविवारी फोन वाजला. मी सासूबाईंना खूण केली. त्या म्हणाल्या, "ती बाजारात गेलीय." पुढच्या रविवारीही तेच. फोन ठेवून त्या माझ्यावर उखडल्या. "मी या वयात किती खोटं बोलू?"

तिसऱ्या रविवारी फोन आला नाही. गार्डसाहेब स्वतःच दारात उभे. मी त्यांना गच्चीवर नेलं, दोन रिकामे डबे दाखवले आणि सगळं सांगितलं. 

"रोग नव्हता?"

"नव्हता. मी घाबरले."

"हं." त्यांनी चष्मा पुसला. "मीपण घाबरूनच तिला दवाखान्याचं सांगितलं. आज सांगतो खरं."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "बोलत नाही माझ्याशी. भिंतीकडे तोंड करून पडलीय." मला रडूच आलं. त्यानंतर तीन दिवस काही नाही. मग पुन्हा फोन. "ताई, आज बोलली. म्हणते, त्या उरलेल्यांना ऊन किती वेळ मिळतं, विचारा."

तिच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी त्यांच्याकडून तिला पोचवलं. दीड वर्षाने त्यांनी सहा रोपं नेली, बोराएवढी. आता ती खिडकीत नाहीत. तिच्या कॉटशेजारी स्टुलावर, तिच्या चालत्या हाताला लागतील अशी आहेत. पाणी कधी घालायचं ते तीच सांगते.

माझ्याकडून बी नेणाऱ्यांना मी एवढंच सांगते. पिशवीत पांढरं दिसलं तर आधी खाली जाऊन चहा करा, बसून प्या आणि मग वर येऊन बघा. तेवढ्यात काही मरत नाही. माझी ब्याऐंशी गेली ती औषध कालवण्याच्या घाईत, माझ्याच हातानं.