सोयाबीनचा कट्टा आणि बारा शब्द

आमच्या घरात दोन गुंतवणूकदार आहेत आणि दोघांचंही वाटोळं झालेलं आहे.

पहिले माझे बाबा. आसेगावच्या घराच्या मागच्या खोलीत त्यांनी तीन वर्षं सोयाबीनचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, रचून ठेवली होती, कारण 'भाव वाढन.' दुसरा मी. मंगरूळपीरच्या शाळेत गणित शिकवतो (हे लक्षात ठेवा, पुढे मला लाज वाटायला उपयोगी पडेल). पगारातून वाचलेलं होतं-नव्हतं ते मी बिटकॉइनमध्ये घातलं. मुलगी सातवीत, तिला डॉक्टर व्हायचंय. ती मोठी होईपर्यंत त्याचा भाव कुठल्या कुठे गेलेला असेल, असा माझा अंदाज होता.

"ते असते कसं?" बाबांनी विचारलं.

"दिसत नाई."

"खाता येते?"

"नाई."

"पेरता येते?"

"नाई, बाबा."

"मंग पाच-सहा वर्सानं ते घेईन कोन?"

"ज्याले वाटन का भाव आखीन वाढन, तो."

"मास्तर हायेस तू," बाबा एवढंच म्हणाले.

मला झोंबलं. "तुमच्या सोयाबीनले तरी कोन विचारते? किडे लागून राह्यले. इकून टाका ना एकदाचं." हे वाक्य मी मग रोज जेवताना म्हणू लागलो.

आता या बिटकॉइनची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. फोन गेला तरी ते शब्द असले की नव्या फोनवर सगळं परत मिळतं. शब्दच गेले, तर मग कोणाचा बापही काही करू शकत नाही. फोनमध्ये ठेवू नका, कागदावर लिहा, असं जाणकार सांगतात. पण आमच्या घरात कागद टिकत नाही. माझा शाळेचा दाखला वाळवीने खाल्ला, आणि घडी घातलेला कोणताही कागद बायको चूल पेटवायला घेते. वर्षानुवर्षं जागची न हलणारी वस्तू घरात एकच होती. मी मागच्या खोलीत गेलो आणि कोपऱ्यातल्या कट्ट्यावर मार्करने बारा शब्द लिहिले. बाबांचा हट्ट हेच माझं लॉकर! त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पंधरा दिवसांनी म्हशीला पाणी पाजताना वरच्या खिशातला फोन हौदात पडला. बायकोने डोक्याला हात लावला, मी हसलो. फोन मेला असं दुकानदार म्हणाला तेव्हाही हसलो. नवा फोन घेऊन थेट मागच्या खोलीत गेलो. खोली रिकामी होती. शिवाय झाडून काढलेली.

"बाबा, कट्टे?"

"इकले."

"काहून?"

"तूच तं रोज म्हने. म्हटलं, शिकलेला पोरगा हाये, एकडाव त्याचं आयकून पाहू."

उभ्या आयुष्यात बाबांनी माझं ऐकलं ते एवढं एकदाच.

"कट्टे पन देऊन टाकले?"

"ते कायले देईन? माल ओतला अन् रिकामे वापस आनले. तुह्या मायजोळ हायेत."

माझा जीव भांड्यात पडला. रिकामा कट्टा आमच्याकडे कोणी फेकत नाही. उसवून, एकमेकांना जोडून त्याचं मोठं चवाळं शिवतात, ते धुतात आणि त्यावर वाळवण घालतात. आईचं चवाळं शिवून झालेलं होतं आणि त्यावर हळद पसरलेली होती. मी गुडघ्यांवर बसून हळद बाजूला सारू लागलो.

"काय पाहून राह्यला?" आईने विचारलं.

"एका कट्ट्यावर लिवलं होतं, माय."

"हो ना. कोन्या येड्यानं लिवलं काय माईत. राखेनं घासलं, साबनानं घासलं, निंगता निंगेना. मंग तुह्या गाडीतलं पेट्रोल घेतलं." तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "पन काढलं."

तसं सगळं निघालं नव्हतं. शिवणीखाली गेलेले दोन शब्द तेवढे सुटले होते: 'पोटॅटो' आणि 'अंब्रेला'. म्हणजे बटाटा आणि छत्री. उरलेले दहा आठवायला मी आठ दिवस भिंतीकडे पाहत बसलो. मुलगी जवळ येऊन म्हणाली, "पप्पा, बरं नाई का तुमाले? मी डॉक्टर झाली का मीच तपासन." तेव्हा मला खरोखर रडू आलं. काय झालं ते तिला सांगायची हिंमत अजूनही झालेली नाही.

त्याच महिन्यात सोयाबीनचा भाव वाढला. बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग बिटकॉइनही चढला, आणि घरातला उरलासुरला आनंद मावळला.

तरी रोज सकाळी मी नव्या फोनवर त्याचा भाव पाहतो. "जे इकता येत नाई, त्याचा भाव कायले पाह्यता?" बायको म्हणते. बाबांचा राग मात्र आता ओसरलाय. चहा पिताना स्वतःच विषय काढतात.

"आज कितीवर हाये?"

मी आकडा सांगतो. बाबा बशीतला चहा संपवतात, मिशी पुसतात आणि विचार करून सल्ला देतात, "थांब अजून. वाढन."

मी थांबलोय. माझ्याइतका पक्का गुंतवणूकदार आमच्या घराण्यात झाला नाही. विकायचा मोह होईल, अशी सोयच आईने ठेवलेली नाही.