खुर्चीला बांधलेला बाप

दर शनिवारी सकाळी आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ऑफिसात आठवड्यातले अवघड कॉल पुन्हा ऐकतात. कंट्रोल रूमला आलेल्या फोनचं रेकॉर्डिंग लावायचं, गाडीवर जो होता त्यानं उभं राहून काय केलं ते सांगायचं आणि मोठ्या डॉक्टरांनी चूक काढायची. कुणाला दोष द्यायचा नाही, फक्त शिकायचं, असं भिंतीवर लिहिलंय. दोष कुणाचा हे चहा यायच्या आत सगळ्यांना कळलेलं असतं.

मी पॅरामेडिक आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिलाच. माझा बाप, आप्पा, गूळ मार्केटात हमाल. माझ्या पदवीदानाचा फोटो मोबाइलवर घेऊन तो आठवडाभर अडत्यांच्या गाद्यांवर दाखवत फिरला होता. मला त्याच्या कामाची लाज कधी वाटली नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणीतरी तसं म्हणेल.

एका शनिवारी पेठ वडगावकडचा कॉल लावला होता. पेशंटनं स्वतःच फोन केलेला. आवाज अगदी पाहुण्याला चहाला बोलवावं तसा निवांत. "छातीत जरा धरल्यागत झालंय. गाडी पाठवा, पण कोपऱ्यावर थांबवा. भोंगा वाजवू नका. मी येतो की चालत."

आणि तो खरंच चालत आला. इस्त्रीचा शर्ट घालून, माडीवरनं जिना उतरून. मागनं आमची माणसं रिकामं स्ट्रेचर घेऊन. गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच गेला.

"चालू का दिलं?" डॉक्टरांनी विचारलं.

गाडीवर माझा जोडीदार होता. तो म्हणाला, "सर, घरची उचलू देईनात. जित्त्या माणसाला उचलून दारातनं काढत न्हाईत, म्हणाली. तसा गेलेला परत येत न्हाई."

"मग समजवायचं."

डॉक्टर बाहेरगावचे. त्यांनी फळ्यावर धडा लिहिला: छातीत दुखणारा माणूस एक पाऊलही चालणार नाही. जोडीदार खाली बसला आणि माझ्या कानाशी पुटपुटला, "ह्यांनाच धाडा एकदा समजवायला."

मला मात्र डॉक्टरांचं पटलं होतं. आजही पटतं.

पुढं काही महिन्यांनी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आईनं हाक मारली. आप्पा उंबऱ्यात बसला होता. मार्केटला निघालेला, डोक्याला पटका, आणि बनियन घामानं चिंब.

"पित्त हाय," तो म्हणाला. "सोडा आण."

डावा हात तो सारखा चोळत होता. चेहरा राखेसारखा झालेला. मी त्याला ॲस्पिरिनची गोळी चघळायला लावली आणि कंट्रोलला फोन केला. गाडी आली. भोंगा वाजवत आली. वर आला तो माझा जोडीदारच.

आमचं घर माडीवर, जिना अरुंद. वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. मी प्लास्टिकची खुर्ची ओढली.

"आप्पा, बसा हिच्यात. आम्ही खाली नेतो."

"बसतो की. गाडीत बसतो." तो भिंतीला धरून उठला. "माझी टोपी दे गं. हा पटका नको, दवाखान्यात जायाचंय."

"आप्पा, चालायचं नाही."

"तीस किलोचा गुळाचा रवा पाठीवर घिऊन पळालोय मी. जिना उतराय चौघं लागत्यात व्हय मला? चौघं लागत्यात तवा तू हायसच की."

जोडीदारानं माझ्याकडं बघितलं. आता समजव, असं ते बघणं होतं. मी समजावलं. हृदयाची शीर बंद पडते, चाललं की ताण येतो, सगळं मराठीत, सोपं करून सांगितलं. आप्पानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझं कालिज तिकडं ठेव. बाजूला हो."

त्यानं पाऊल उचललं. मी त्याला दोन्ही खांद्यांना धरून खुर्चीत दाबला. जोडीदारानं वर आणलेले स्ट्रेचरचे पट्टे घेऊन छातीखालनं आणि मांड्यांवरनं आवळले. आयुष्यात पहिल्यांदा बापावर जोर केला, आणि तो माझ्यापेक्षा अशक्त निघाला. ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं.

"बापाला बांधतोस? सोड! लेका, जित्तेपणी माझं मढं काढतोस?"

आम्ही त्याला जिन्यावरनं उतरवला. खाली गल्ली गोळा झालेली. खुर्ची दारातनं बाहेर आली तशी समोरच्या म्हाताऱ्यानं टोपी काढली. एका बाईनं गळा काढला. आप्पा टक्क डोळे उघडे ठेवून बसलेला, तरी कुणीतरी म्हणालंच, "लई चांगला माणूस व्हता."

ते त्यानं ऐकलं.

तासाभरात त्याच्या छातीत स्टेंट बसला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलात. दुपारी गडहिंग्लजची आत्या एसटीनं आली, वॉर्डाच्या दारातच हंबरडा फोडून. भाऊ उठून बसलेला बघून तिनं पदरानं डोळे पुसले. "मला तर गेलास म्हणून सांगितलं की रं," ती म्हणाली. आप्पा भिंतीकडं वळून झोपला.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. बोलायचं ते आईमार्फत. "त्याला म्हणावं, गोळ्या संपल्यात." ओझं उचलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी काम बंद केलं. तरी एकदा तो मार्केटात सहज जाऊन आला. "काय आप्पा, आज चालत आलासा? खुर्ची कुठं ठिवलीसा?" असं कुणीतरी विचारलं. हमालांची थट्टा ती, तीत वाईट काही नाही. पण आप्पा परत तिकडं गेला नाही.

आणि एका शनिवारी माझाच कॉल लागला. त्या गडबडीत मी फोन चालूच खिशात टाकला होता, त्यामुळं सगळं रेकॉर्ड झालेलं. "बापाला बांधतोस?" हा आवाज हॉलभर घुमला. नवीन भरती झालेली पोरं हसली. डॉक्टरांनी तिथंच थांबवून सांगितलं, "बघा, हा ठामपणा हवा." टाळ्या पडल्या. जोडीदार तेवढा खाली मान घालून बसला होता.

मीही टाळ्या घेतल्या. का घेऊ नये? काम बरोबर केलं होतं.

आई म्हणते, एकदा पाया पड आणि चुकलं म्हण. मी म्हणतो, काय चुकलं? वाचवला ते? मी माफी मागणार नाही, तो बोलणार नाही. त्याचंच रक्त.

पण परवा आईनं वेगळंच सांगितलं. हल्ली जिना चढून आला की तो छाती चोळत बसतो. विचारलं तर म्हणतो, पित्त हाय. आणि वर बजावतो, "त्याला सांगू नगंस. परत बांधंल."

बांधीनच. म्हणून मी आता घरात असलो की त्याच्याकडं बघत असतो. आणि मी खोलीत आलो की त्याचा हात छातीवरनं खाली येतो.