स्थलांतराचं कारण

पूर आणि स्थलांतर हा माझ्या अभ्यासाचा विषय. ऐकायला भारदस्त वाटतो. प्रत्यक्षात एसटीचे धक्के खायचे आणि दारोदार तेच ते प्रश्न विचारायचे. त्या दिवशी नृसिंहवाडीच्या अलीकडच्या एका गावात शेवटचं घर उरलं होतं. पाय भरून आले होते आणि, खरं सांगते, दुसऱ्याच्या दुःखाची नोंद करायचाही कंटाळा आला होता.

घरात मावशी एकट्याच होत्या. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पुराच्या पाण्याची रेघ, रंग देऊनही न गेलेली. मुलगा कुठं असतो, विचारलं.

“पेठ वडगावात. दुकानात लागलाय, खोली घेतलीया.”

“पुरामुळं गेला?”

“पुराला कोण भितंय! म्हसरं घिऊन शाळंत जायचं, पाणी उतरलं की परत. लगनासाठी गेलाय त्यो. पुराच्या गावात पोरगी कोण देत न्हाय. पावणं येत्यात, ती रेघ बघत्यात, च्या पिऊन जात्यात. आता वडगावची खोली दावायची.”

फॉर्मवर कारण एकच लिहायचं होतं. फॉर्म मीच केलेला, त्यामुळे शिव्या तरी कोणाला देणार? म्हटलं, “मावशी, मी पूरच लिहिते. पाणी आलं नसतं तर तो गेला नसता.”

“पाणी येतंय तसं जातंय की. पोरगं काय आता येत न्हाय. सून आली की तिथलाच हुणार त्यो.” त्यांचा आवाज खाली आला. मग एकदम म्हणाल्या, “तुमास्नी पोरगी हाय?”

“आहे.”

“लगनाची?”

“हो, स्थळं बघतोय.”

“मग द्याल का हितं? पोरगं निर्व्यसनी हाय माजं.”

त्याच महिन्यात शिरोळकडचं एक स्थळ आलं होतं. चांगलं होतं. मुलगा काय करतो हे विचारायच्या आधी मी विचारलं, पुराचं पाणी घरात येतं का? उत्तर ऐकलं आणि नवऱ्याला म्हटलं, नको. एवढ्या वर्षांच्या अभ्यासाचा घरात झालेला उपयोग तेवढाच.

मावशी माझ्याकडं बघत होत्या. खोटं बोलता आलं असतं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. फार लाज वाटली.

त्या रागावल्या नाहीत. फॉर्मकडं बोट करून म्हणाल्या, “मग झालं की. लिवा, लगीन.”

मी लिहिलं.