वसमतच्या माणसाला हळद

मारोतराव गेल्याचं मला दवाखान्याच्या खिडकीत कळलं. त्यांच्या गावचा एक माणूस कापसाची गाडी घेऊन वसमतला आला होता, जाता जाता खोकल्याच्या औषधासाठी रिकामी बाटली घेऊन खिडकीशी उभा राहिला. मी औषध ओतत होतो आणि तो सहज बोलून गेला, की आमचे मारोतराव गेले, महिना होत आला, चार दिवसांच्या तापाचं निमित्त. माझा हात थांबला नाही. बाटली भरली, बूच लावलं, दिवसातून तीनदा घ्या म्हणून सांगितलं. तो पायऱ्या उतरून गेल्यावर मग स्टुलावर बसलो, आणि काय करावं ते कळेना. रडू येईना. सुतक धरायचं तर कोणत्या नात्यानं? ते माझ्या जातीचे नव्हते, गावचे नव्हते. वर्षातले नऊ-दहा दिवस आम्ही बरोबर चालायचो, एवढंच. राज्य बदललं त्या धांदलीत त्यांची आठवणसुद्धा मी काढली नव्हती. आणि तरी त्या दिवशी दोन बाटल्यांत मी चुकीचं औषध भरलं. डॉक्टरसाहेबांनी पाहिलं म्हणून निभावलं.

दत्तजयंतीला आम्ही माहूरला पायी जायचो आणि फाट्यापर्यंत पायीच परतायचो. परतताना वारंग्याच्या फाट्यावर, चिंचेखाली, वाटा फुटायच्या. आम्ही वसमतकर एकीकडे, कळमनुरीकडची मंडळी दुसरीकडे. तिथं निरोप घेण्याची आमच्यात एक रीत होती, ती कुणी घातली कुणास ठाऊक. प्रत्येकानं प्रत्येकाच्या पायाला हात लावायचा आणि आपल्या हातून त्याच्याशी जे काही चुकलं असेल ते उघड बोलून दाखवायचं. दुसऱ्यानं फक्त ‘सोडलं’ म्हणायचं. सोडलं म्हटलं की संपलं, तो विषय पुन्हा काढायचा नाही. बहुतेकांची चूक म्हणजे माझ्या घोंगडीवर पाय पडला, तुमच्या वाटचा गूळ मी खाल्ला, असली. मीही असंच काहीबाही सांगायचो.

मारोतरावांची पहिल्या सालची चूक मात्र मला अजून आठवते. मी सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर, अनवाणी चालण्याची सवय कसली! दुसऱ्याच दिवशी तळपायाला फोड आले. लाजेपोटी मी बोललो नाही, पण मागं पडू लागलो. तेवढ्यात पुढं चालणारे मारोतराव मटकन खाली बसले. पायात काटा मोडला म्हणाले. मग पैनगंगेपर्यंत ते लंगडत आणि त्यांच्यासाठी सगळी मंडळी सावकाश. मीही त्यांच्या आडोशानं निभावून गेलो, वर त्यांना काटा काढायला चिमटा देऊ केला. परतताना चिंचेखाली त्यांनी माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाले, “डाक्टर, माझं चुकलं. काटा मोडला न्हवता.” मी डॉक्टर नाही हे त्यांना शंभरदा सांगून झालं होतं. मी सोडलं म्हणालो. हसू आवरत नव्हतं, आणि डोळे भरले होते हेही खरं.

त्याच दिवशी त्यांनी पहिल्यांदा घरी बोलावलं. घर दोन कोसांवर होतं. भाकर खा, रात्रभर पाय लांब करून पडा, सकाळी गाडी जुंपून पोचवतो, म्हणाले. मी पुढल्या साली नक्की म्हणालो. पुढल्या सालीही तेच म्हणालो. अशी दहा वर्षं! का गेलो नाही हे मला आज धड सांगता येत नाही. घरी आईचं सोवळं कडक होतं. वाटेत मी मारोतरावांच्या फडक्यातली भाकर त्यांच्याच मांडीला मांडी लावून खाल्ली, ती कुणाला दिसली नाही. पण त्यांच्या घरी पाटावर बसून जेवलो असतो तर आठ दिवसांत वसमतला कळलं असतं. हे कारण होतंच. पण आई वारली त्यानंतरही तीन वर्षं मी गेलो नाही, त्याला काय म्हणायचं? माझी गाडी फाट्यावर ठरलेली असायची, मी चढून बसायचो.

दुसऱ्या सालापासून निरोप घेताना ते माझ्या हातात हळकुंडांची एक पुरचुंडी ठेवू लागले. वसमतच्या माणसाला हळद! आमच्या मोंढ्याच्या बाजारात हंगामात चालताना शिंका येतात इतकी हळद. मी थट्टा करायचो, ते नुसते हसायचे आणि घरची हाय, ठेवा, म्हणायचे. मी घरी आणून ती डब्यात ओतायचो आणि वर्षभर आमच्या वरणात पडायची.

गेल्या साली, राज्य बदलायच्या आधी, दिवस गडबडीचे होते. आम्ही पाच-सहा जणच गेलो होतो, परतताना ज्याला त्याला उजेडी घर गाठायचं होतं. फाट्यावर गाडीवान हाका मारत होता. मी घाईत मारोतरावांच्या पायाला हात लावला, काहीतरी पुटपुटलो, त्यांनी सोडलं म्हटलं. मग त्यांनी वाकून माझा पाय धरला आणि सोडेनात. “डाक्टर, माझं एक हाये. लई सालाचं हाये.” मी त्यांना खांद्याला धरून उठवलं. तुमचं काय चुकणार, पुढल्या साली निवांत सांगा, असं म्हणून गाडीत चढलो. “बरं, पुढल्या साली,” ते म्हणाले. गाडी हलली तरी चिंचेखाली उभेच होते... रीत म्हणजे मागं बघायचं नाही. मी बघितलं.

बातमी कळल्यापासून तेवढं एकच डोक्यात घोळू लागलं. माझं असं काय वाईट केलं होतं या माणसानं? दहा वर्षं उलगडून पाहिली. एकदा माझा तांब्या हरवला होता, तो? एकदा माझ्या गाण्यावरून सगळे हसले होते, ते? मला त्यांचा रागही आला. चौथ्या दिवशी रजा टाकली आणि गाडी करून त्यांच्या गावी गेलो. ज्या घरी दहा वर्षं गेलो नाही त्या घरी.

त्यांच्या पत्नी गिरजाबाई ओसरीवर होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी पाय धुवायला पाणी आणलं आणि माझ्या पायांकडे बघतच राहिल्या. मला अवघडल्यासारखं झालं.

“तुमचे पाय तर बरे हायेत,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच सांगितलं. दर साली परतीच्या दिवशी मारोतराव त्यांना दोन ताटांचा स्वयंपाक करायला लावत, डाक्टर येणार म्हणून. आणि दर साली एकटेच येत. पहिल्याच साली त्यांनी विचारलं, काहून न्हाई आले? मारोतराव म्हणाले, फाट्यावर येईस्तोवर डाक्टरांचे पाय सुजतात, उभं राहवत न्हाई, मीच गाडीत घालून धाडलं. तेव्हापासून दर साली निघताना बाई पिशवीत हळकुंडं बांधून देत, उगाळून तेलात लावायला. कंपाउंडर माणसाला औषध कसं सांगावं म्हणून निरोप कधी धाडला नाही.

“लावत होता न्हव?” त्यांनी विचारलं.

खरं सांगायची वेळ होती ती. खरं सांगितलं असतं तर मारोतराव दहा वर्षं बायकोशी खोटं बोलले हे तिला आज, त्यांच्यामागं, कळलं असतं. आणि नुसतं मी आलो नाही एवढंच उरलं असतं. “व्हय,” मी म्हणालो, “त्यानंच सूज उतरली.” बाईंच्या तोंडावर समाधान दिसलं. त्यांनी आत नेऊन मला जेवायला वाढलं. मी जेवलो.

मारोतरावांना हेच खोटं बोलून दाखवायचं होतं का? असेल. नसेलही, आणखी काही असेल. पण ह्याला ते स्वतःची चूक म्हणत होते? चूक माझी होती, ती मी कधीच बोललो नाही, आणि हे पायाला हात लावायला वाकले... आता माझ्या दोन चुका झाल्या आहेत, एक त्यांच्याशी आणि एक गिरजाबाईंशी, आणि चिंचेखाली त्या कुणाला सांगायच्या हे मला ठाऊक नाही.

निघताना बाईंनी पुरचुंडी हातात दिली. “औंदा पाय सुजले तरी गाडीत बसू नका,” म्हणाल्या. “दोन कोसच हाये. टेकत टेकत या.”

काल सकाळी माझी बायको वरणासाठी ती पुरचुंडी सोडायला निघाली. ती नको, दुसरी घे, मी म्हणालो. बायको शेजारी गेल्यावर सहाण घेतली, एक हळकुंड उगाळलं, तेलात कालवलं आणि ओट्यावर बसून दोन्ही पायांना लावलं. पायांना काही झालेलं नव्हतं.