सुक्या मासळीच्या कपाटातला कोळसा

१२ फेब्रुवारी. काम: सुक्या मासळीचं कपाट आवरणं. आमच्या दिवेआगरच्या घरात पर्यटक उतरतात, आणि कपाट कितीही घट्ट लावलं तरी त्यांना आमच्याआधी बोंबील भेटतो. त्या दिवशी मात्र दार उघडलं तर वासच नाही. आत बोंबलांशेजारी फडक्याची पुरचुंडी होती. सोडून पाहिली तर आत कोळसा; लेकीला हाक मारली.

कोळसा तिचा होता. ती रसायनशास्त्र शिकते. वाडीतल्या करवंट्या जाळून, पोटॅशच्या पाण्यात भिजवून, पुन्हा भाजून तिने तो केला होता. असा कोळसा हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात परीक्षकांसमोर तेच दाखवायचं होतं. नवा करायला वेळ नव्हता.

"आजी, हा तू ठेवलास इथे?"

"मग! सुक्या मासळीत कोळसा ठेवतातच," सासूबाई म्हणाल्या. "तुझा झ्याक हाय. चुलीतला एवढा वास खात न्हाय."

"अगं, वासानेच पोट भरलं त्याचं! आता गॅस कुठे धरणार?"

"मग ओकायला लाव त्याला."

लेक रडायच्या बेतात होती, ती थांबली. तापवला की कोळसा धरलेलं सोडतो, हे तिनेच आम्हाला सांगितलं होतं.

मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. उघडा भाजला तर राख व्हायची, म्हणून कोळसा भरून झाकण घट्ट बसवलं, वाफेपुरतं एक भोक पाडलं आणि डबा अंगणातल्या चुलीत सारला. थोड्या वेळाने त्या भोकातून असा वास सुटला की शेजारीण कुंपणावरून ओरडली, "काय गो, एकट्याच बोंबील भाजताव?"

"कोळसा भाजतोय!" सासूबाईंनी सांगितलं. तिच्या मांजराचा काही विश्वास बसला नाही.

डबा गार झाल्यावर लेकीने कोळसा तिच्या प्रयोगाच्या काचेच्या पेटीत, गॅस मोजायच्या यंत्राशेजारी ठेवला. सासूबाईंनी नळीतून आत जोरात फुंकर मारली. आकडा भराभर चढला, थबकला, आणि मग जो उतरायला लागला तो उतरतच गेला.

"माझा श्वास खाल्लान मेल्याने!" सासूबाई इतक्या हसल्या की कवळी सांभाळावी लागली. लेकीने त्यांना मिठी मारली; दोघींच्या पदरा-ओढणीला काजळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला एसटीत बसवलं. भोक बुजवलेला कोळशाचा डबा बॅगेत कोंबत होती, तो मांडीवर ठेवायला लावला. घरी येऊन पाहुण्यांच्या चादरी भिजत घातल्या.