योगायोगाचा डबा

मिलुशे दोहनालोव्हाचा योगायोगावर अजिबात विश्वास नव्हता. म्हणून तर ती योगायोग घरूनच डब्यात भरून निघाली होती.

डब्यात चार रिझेक होते. डुकराच्या मांसाचे बडवून पातळ केलेले, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले तुकडे, पावाच्या दोन कापांमध्ये दाबून बसवलेले, कडेला व्हिनेगरमधली काकडी. स्वतःच्या आणि नवऱ्याच्या वाटचे रिझेक वेगळ्या पिशवीत होतेच. रिझेक न घेता सुट्टीला निघालेला चेक माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. गाडीने फलाट सोडला की डब्यांची झाकणं उघडलीच पाहिजेत, मग नुकतीच न्याहारी का झालेली असेना. पण हे चार जास्तीचे होते. ते मुलीसाठी, श्टेपान्कासाठी, आणि तिच्या मित्रासाठी होते. ही दोघं आईबापांना परदेशातल्या ल्युब्लियाना शहराच्या पुलावर अगदी अचानक, ध्यानीमनी नसताना भेटणार होती.

“योगायोगाला डबा करून नेणारी तू जगातली पहिलीच बाई,” लुबोश म्हणाला. लुबोश म्हणजे मिलुशेचा नवरा. त्याचं सगळं आयुष्य ब्र्नोच्या ट्राम डेपोत ब्रेक दुरुस्त करण्यात गेलं होतं. काय थांबवता येतं आणि काय नाही हे त्याला चांगलं कळायचं, म्हणून बायकोच्या वाटेला तो गेला नव्हता.

“असू देत. नाही भेटले तर आपण खाऊ.”

“नाही भेटले तर तू खाशील? तू पाणीसुद्धा प्यायची नाहीस.”

मिलुशेने डब्याचं झाकण आणखी घट्ट दाबलं. खरं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे ती संसारात शिकली होती.

तिच्या काळजीला तिची नोकरीही जबाबदार होती. कॉलेज संपलं तशी ती एका विमा कंपनीत लागली, अपघाताचे दावे तपासायच्या खात्यात. चेरी काढताना शिडीवरून पडलेले आजोबा, बिअरच्या ग्लासात बसलेली गांधीलमाशी न बघता घोट घेणारे काका, सायकलवरून मागे वळून बायकोला टाटा करणारा तरुण, असे सगळे तिच्या टेबलावरून गेले. सुखरूप पोचलेला माणूस विमा कंपनीला पत्र लिहीत नाही. त्यामुळे सुखरूप पोचणारी माणसंही जगात असतात, याचा एकही लेखी पुरावा मिलुशेला कधी मिळाला नाही. तरुणपणी एकदा लुबोशबरोबर ती बल्गेरियाच्या समुद्रावर गेली होती. तेव्हा कम्युनिस्टांचं राज्य, पश्चिमेकडे जायला परवानगी नव्हती, पूर्वेकडे रेल्वेने कितीही जा. डब्यातले रिझेक वाटेत आंबले, आणि तेवढ्यावरून तिने ठरवून टाकलं, की घर सोडलं की काहीतरी आंबतंच.

आणि आता श्टेपान्का. कॉलेजचं पहिलं वर्ष संपलं न संपलं तोच तिने आणि त्या मित्राने, व्होयतेखने, रेल्वेचा महिनाभराचा पास काढला. युरोपात कुठल्याही गाडीत चढायचं, कुठेही उतरायचं. ‘कुठेही’ हा शब्द मिलुशेच्या डोक्यातून जाईना. कुठेही म्हणजे नक्की कुठे?

ती विचारूही शकत नव्हती, कारण वसंतात एक प्रकरण होऊन गेलं होतं. मिलुशेने व्होयतेखच्या आईला फोन करून, अगदी गोड आवाजात, त्याने गोचिडीच्या तापाची लस घेतलीय का आणि तो झोपेत चालतो का, असं विचारलं. ते श्टेपान्काला कळलं. पोरगी ओरडली नाही, हेच वाईट झालं.

“आई, तू रागावलीस तर मला चालतं,” ती म्हणाली होती. “तू मागे मागे येतेस ते चालत नाही. या प्रवासात मागे आलीस तर मी भांडणार नाही. तुला काही सांगायचंच बंद करेन.”

मिलुशे हबकली. या मुलीने लहानपणी एकदा ‘कोबीचं सूप पिणार नाही’ म्हणून जाहीर केलं होतं, आणि त्यानंतर आजतागायत ती ते प्यायलेली नव्हती.

म्हणून मग मिलुशेने सांगून टाकलं, की आम्ही दोघं दर उन्हाळ्यासारखे रानातल्या लाकडी घरी जाऊन राहणार. काकड्या लावल्यात, त्यांचं लोणचं घालायचंय, तू खुशाल जा. त्या घरी उन्हाळा काढणं हे त्यांच्याकडे इतकं ठरलेलं, की त्यावर कुणी शंकाच घेणार नाही. आणि निघायच्या आधी तिथे जाऊन तिने फोटोंची बेगमी केली. लुबोश झारी घेऊन काकड्यांच्या वाफ्यात उभा. मग घरात जाऊन शर्ट बदलून पुन्हा उभा. मग तिसरा शर्ट. एकेक फोटो दिवसाआड पाठवायचा.

“सूर्य एकाच जागी आहे, मिलुश्का,” तिसऱ्या शर्टातला लुबोश म्हणाला होता. “आठवडाभर हललाच नाही.”

“ती तुला बघेल, सूर्याला कोण बघतंय.”

“मलाही कोण बघतंय.”

काकड्यांना पाणी घालायला कुणाला सांगायची सोय नव्हती. शेजारच्या घरातले म्हातारबुवा श्टेपान्काचे दोस्त, त्यांच्या पोटात काही राहत नसे. तेव्हा काकड्या देवाच्या हवाली केल्या आणि दोघं निघाली. श्टेपान्काने दोन दिवसांपूर्वी ल्युब्लियानाच्या पुलाचा फोटो पाठवला होता. ‘इथे मस्त आहे, आठवडाभर राहणार’ एवढंच खाली लिहिलेलं. आठवडाभर म्हणजे सापडायला पुरेसा वेळ होता.

व्हिएन्नाला गाडी बदलल्यावर डब्यात समोर आणखी एक चेक जोडपं आलं. ओलोमोत्सची यिंद्रा आणि तिचा ओता, समुद्रावर निघालेले. व्हिएन्नाची उपनगरं सरायच्या आत यिंद्राने आपला डबा उघडला, मिलुशेने आपला, आणि कुणाचा चुरा जास्त खमंग याची दोघींनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तपासणी केली. दोघीही मनातून स्वतःवर खूश झाल्या.

“तो दुसरा डबा नाही उघडत?” यिंद्राने विचारलं.

“तो मुलीचा. ल्युब्लियानाला आहे ती.”

“अगं बाई. मग स्टेशनवर येणार असेल न्यायला.”

“नाही. तिला माहीत नाही आम्ही येतोय ते.”

“म्हणजे गंमत.”

“फार मोठी,” लुबोश खिडकीकडे तोंड करून म्हणाला.

“मीही एकदा आमच्या मुलाला अशी गंमत केली,” यिंद्रा म्हणाली. “न सांगता जाऊन दारात उभी राहिले. तेव्हापासून तो बर्लिनला असतो.”

“तो आधीपासूनच बर्लिनला होता,” ओता म्हणाला.

“हो, पण तेव्हा पत्ता द्यायचा.”

मिलुशेने हातातला रिझेक परत डब्यात ठेवला. ही बाई उगाच आपल्या समोर येऊन बसली असं तिला वाटलं. आपल्यासारख्या बाया दुरून कशा दिसतात ते बघायला तिला मुळीच आवडत नसे.

मारिबोर गेल्यावर आजचा फोटो पाठवायची वेळ झाली. निळ्या शर्टाची पाळी होती. खाली मिलुशेने लिहिलं, ‘बाबा काकड्यांना पाणी घालताहेत. इथे छान ऊन पडलंय.’ बाहेर सावा नदीच्या कडेने गाडी चालली होती आणि डोंगरावर ढग आले होते.

उलट एकच शब्द आला. ‘आत्ता?’

‘हो, हे काय,’ मिलुशेने लिहिलं.

फोन वाजला. मिलुशेने बोट ओठांवर ठेवून डब्यातल्या सगळ्यांना गप्प केलं. यिंद्रा घास तोंडात तसाच ठेवून थांबली.

“आई, काय करताय तुम्ही?”

“काही नाही गं. बाबा तिकडे वाफ्यात आहेत, मी पायरीवर बसून लोणच्याचा शेपू निवडतेय. जून निघाला यंदा.”

खोटा दावा करणारा माणूस नेहमी एक तपशील जास्तीचा देतो, हे मिलुशेने खात्यातल्या नव्या मुलांना कितीदा शिकवलं होतं. शेपू तिच्या तोंडून निघाला तेव्हाच तिला तो धडा आठवला.

“कुठल्या पायरीवर?”

“आपल्या. पुढच्या दाराच्या.”

मग श्टेपान्का म्हणाली, “आई, पुढच्या दाराच्या पायरीवर मी बसलेय.”

मिलुशेने लुबोशकडे पाहिलं. त्याला ऐकू गेलं होतं. त्याने डोळे मिटून घेतले.

“दाराला कुलूप आहे. काकड्या पार वाळून गेल्यात. बाबांचा निळा शर्ट कुठे दिसत नाही. कुठे आहात तुम्ही?”

मिलुशेच्या डोक्यात एका क्षणात तीन उत्तरं येऊन गेली. दुकानात, दवाखान्यात, मशरूम शोधायला रानात. तिन्ही तिने स्वतःच नामंजूर केली. इतक्या वर्षांच्या नोकरीचा तेवढा उपयोग झाला.

“गाडीत,” ती म्हणाली. “ल्युब्लियाना जवळ आलंय.”

“माझ्या मागे?”

“हो.”

ओताने मोठ्या सभ्यपणे खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. यिंद्राने मात्र नजर हलवली नाही. पलीकडून जे ऐकू येऊ लागलं ते हसणं होतं की रडणं, हे मिलुशेला कळेना. तीन खोल्यांपलीकडून या मुलीचा खोकला कोरडा की ओला हे सांगणारी आई, आणि आता तिला एवढंही ओळखू येईना.

“मी काल रात्रीच निघाले तिथून,” श्टेपान्का म्हणाली. “आज सकाळी ब्र्नोला उतरले आणि बस पकडून सरळ इकडे आले.”

म्हणजे सकाळी त्याच स्टेशनवर मुलगी एका फलाटावर उतरत होती आणि आई दुसऱ्या फलाटावर योगायोगाचा डबा सांभाळत बसली होती.

“एकटीच आलीस?” मिलुशेच्या तोंडून निसटलं.

“आई.”

“बरं, बरं.”

“एकटीच आले. व्होयतेख पुढे गेला. त्याचं काय झालं ते आत्ता नको.” तिने नाक ओढलं. “मी तुझ्याकडे आले होते गं. मला वाटलं, तू इथे असशील. तू म्हणाली होतीस, इथेच आहे. एकदा तरी, जिथे असते म्हणालीस तिथे असायचं ना.”

मिलुशेने तोंडावर हात धरला. मुलीला आईची गरज पडली, मुलगी आपण होऊन आईच्या दारात आली, आणि आई घरी नव्हती. कारण आई मुलीची काळजी घ्यायला परदेशी गेली होती. हा दावा कुठल्याही कंपनीने मंजूर केला नसता.

“मी येते,” ती म्हणाली. “उतरते आणि लगेच फिरते. उजाडायच्या आत—”

“नको.”

“श्टेपी, अगं, तू तिथे एकटी—”

“नको येऊस. रविवारी या. तोवर मला एकटीला राहायचंय इथे. रविवारी आलात की सगळं सांगेन. त्याआधी आलीस तर नाही सांगणार.” तिचा आवाज पुन्हा तसाच झाला, कोबीच्या सुपाच्या वेळचा. “किल्ली कुठे ठेवलीय तेवढं सांग.”

“पक्ष्यांसाठी टांगलेल्या खोक्यात. मागच्या बाजूच्या. स्टूल घे, पण त्याचा एक पाय हलतो, म्हणून—” मिलुशे थांबली. “किल्ली पक्ष्यांच्या खोक्यात आहे.”

“बरं.”

“तळघरात बटाटे आहेत.”

“खाल्लंस का, असं विचारते आहेस का?”

“नाही गं. बटाटे आहेत एवढंच सांगितलं.”

या वेळी जे ऐकू आलं ते हसणंच होतं. नंतर फोन बंद झाला. मग यिंद्राने एक पीच कापून फोड मिलुशेपुढे धरली.

“सांगेन म्हणाली ना?” ती हळूच म्हणाली.

“रविवारी.”

“मग झालं तर. आमचा तर सणालासुद्धा नुसतं ‘बरा आहे’ म्हणतो.”

ल्युब्लियानाला यिंद्रा आणि ओता गर्दीत दिसेनासे झाले. हे दोघं सामान घेऊन फलाटावर उभे राहिले. समोरच्या फलाटावर उत्तरेकडे परतणारी गाडी लागलेली होती, दारं उघडी. मिलुशे त्या दारांकडे बघत राहिली. रानातलं ते घर तिच्या डोळ्यांपुढे होतं. गॅसची शेगडी, विहिरीचं कुजकं झाकण, वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं, स्टुलाचा तो पाय. यातल्या प्रत्येक गोष्टीवर तिने कधी ना कधी एक दावा तपासला होता. आणि त्या सगळ्याच्या मधे तिची पोर, रडवेली, एकटी.

“तुझ्या मनात असेल तर चढू या,” लुबोश म्हणाला.

“तुझ्या मनात काय आहे?”

“समुद्र. पण मला विचारून कधी गाडी सुटलीय?”

मिलुशेने बॅग उचलली. मग खाली ठेवली. तिने जावं असं तिचं सगळं अंग म्हणत होतं, आणि गेली तर मुलगी पुन्हा तिला काही सांगायची नाही. पाहिजे होतं ते मिळवायचा एकच रस्ता उरला होता, काही न करता उभं राहण्याचा. तो तिला मुळीच जमत नसे. शिटी झाली. दारं मिटली. गाडी हलली, आणि मिलुशे स्वतःच त्या गाडीखाली गेल्यासारखी पांढरी पडून जागच्या जागी उभी राहिली.

गाडी गेल्यावर ती रेल्वेच्या एका बाईकडे गेली आणि काहीतरी विचारून आली.

“काय विचारलंस?”

“परतीची दुसरी गाडी कधी आहे ते.”

“जायचंय?”

“नाही. नुसतं विचारलं.”

मग रविवारपर्यंत समुद्रच. तिकडची गाडी दुसऱ्या टोकाच्या फलाटावर येणार होती. निघण्याआधी मिलुशेने आपला फोन लुबोशच्या शर्टाच्या खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं. “हा रविवारपर्यंत तुझ्याकडे. मी मागितला तरी द्यायचा नाही. कितीही मागितला तरी.”

“कधी मागशील असं वाटतं?”

“मी काय लहान मूल आहे?”

दोघं जिना चढून रेल्वेच्या पुलावर आली, पलीकडे उतरली. गाडी अजून लागायची होती.

“लुबोश,” मिलुशे म्हणाली, “द्यायला नको. नुसता काढून बघ, चार्जिंग किती आहे ते.”

लुबोशने खिशावर हात ठेवला आणि तो गाडी येईपर्यंत काढला नाही.